टीबीच्या घरातले ताट

झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झालेला एक अभ्यास महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने आणि महिला व बालविकास खात्याने एकत्र बसून वाचायला हवा. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखालील ‘रेशन्स’ या अभ्यासात फुफ्फुसाच्या टीबीच्या २,८०० रुग्णांच्या घरांतील १०,३४५ जणांवर लक्ष ठेवले गेले. अन्नाची मदत सर्वच रुग्णांना मिळाली. काही घरांत मात्र रुग्णासोबत राहणाऱ्यांनाही दरमहा तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. मोठ्या माणसामागे ही भर दिवसाला सुमारे ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने इतकी होती. या घरांत टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले, तर तपासणीत जंतू सापडलेला फुफ्फुसाचा टीबी ४८ टक्क्यांनी कमी. २०२३च्या ऑगस्टमध्ये ‘द लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. डाळ-तांदळाने हे साधले!

हा अभ्यास सर्व वयांच्या माणसांचा होता. पण अन्न आणि टीबी यांचे नाते सर्वांत उघडे पडते ते लहान मुलाच्या शरीरात. टीबीचा जंतू श्वासावाटे फुफ्फुसात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात, पण एकट्याने त्याला मारणे त्यांना जमत नाही. त्यासाठी टी पेशींनी येऊन इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडावे लागते. मग भक्षक पेशींना बळ येते आणि जंतूभोवती पेशींचे कडे तयार होते. या टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात आणि ही ग्रंथी सर्वाधिक काम करते ती बालपणी. तीव्र कुपोषणात नेमकी तीच आक्रसते. प्रथिने, जस्त, ‘अ’ जीवनसत्त्व यांचा तुटवडा उरलेल्या पेशींनाही दुबळे करतो. कडे कच्चे राहते आणि जंतू रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. बीसीजीची लस लहानग्यांना वाचवते ती मुख्यतः अशाच गंभीर टीबीपासून. पण तिची भिस्तही याच टी पेशींवर असते.

कुपोषण आजार लपवतेही. टीबीसाठी त्वचेवर होणाऱ्या मॉन्टू चाचणीला प्रतिसाद देणाऱ्या पेशीच दुबळ्या असल्याने, जंतू शरीरात असूनही अतितीव्र कुपोषित मुलाची चाचणी नकारात्मक येऊ शकते. लहान मुलाला खाकरून थुंकी काढता येत नाही. सकाळी उपाशीपोटी जठरातले पाणी काढून तपासावे लागते आणि ती सोय प्रत्येक ठिकाणी नसते. वजन न वाढणे हे तर दोन्ही आजारांचे लक्षण. मग ‘खातच नाही’ असे म्हणून मूल कुपोषणाच्या यादीत जाते आणि तिथेच राहते.

आणखी एक गोष्ट धोरणकर्त्यांनी गांभीर्याने घ्यावी. पोटभर सकस अन्न मिळाले की थायमस पुन्हा वाढते, मात्र वजन भरून यायला लागतो त्यापेक्षा तिला अधिक वेळ लागतो. पोषण पुनर्वसन केंद्रातून साधारण दोन आठवड्यांनी, वजन वाढले म्हणून घरी पाठवलेले मूल आतून अजून सावरलेले नसते. त्याच घरात खोकणारा रुग्ण असेल तर आपण या मुलाला कुठे परत पाठवतो आहोत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुरटलेली आहेत, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि १०.९ टक्के तीव्र कृश. कृश मुलांचे देशाचे प्रमाण १९.३ टक्के आहे; म्हणजे स्वतःला प्रगत म्हणवणारे राज्य इथे देशाच्याही मागे आहे. अशा राज्यात २०२३च्या अखेरीस शालेय आहारात आलेले अंडे २०२५च्या जानेवारीत निधी काढून घेऊन लोकवर्गणीवर सोडले गेले. हा निर्णय चुकीचा होता आणि तो फिरवला पाहिजे.

निक्षय पोषण योजनेतून टीबीच्या रुग्णाला २०१८पासून दरमहा ५०० रुपये मिळत. २०२४च्या नोव्हेंबरपासून ते हजार झाले. वाढ स्वागतार्ह आहे, पण पैसे एकाच्या नावाने येतात आणि चूल सगळ्यांची असते. टीबी झालेली आई आपल्या वाट्याचे दूध मुलाला देणार, हे कोणत्याही आशाताईला ठाऊक आहे. कुटुंबाच्या शिध्याची घोषणा झाली, पण तो निक्षय मित्र म्हणून पुढे येणाऱ्या दात्यांवर सोपवला गेला. मोखाडा, धडगाव किंवा धारणीच्या पाड्यावर असा दाता कधी पोहोचणार?

रुग्णाची नोंद होताच घरातल्या डोक्यांच्या हिशेबाने डाळ, तांदूळ, तेल आणि मुलांसाठी अंडी सरकारने रेशन दुकानातून द्यावीत. उपचार संपेपर्यंत द्यावीत आणि कुटुंब वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेले तर तिथल्या दुकानातूनही. त्याच दिवशी त्या घरातल्या मुलांची नावे अंगणवाडी सेविकेला कळावीत; तिने त्यांचे वजन आणि दंडघेर मोजावा, प्रतिबंधक औषध सुरू झाले का ते पाहावे. उलट दिशेनेही हेच व्हावे: अतितीव्र कुपोषित ठरलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी कोण खोकते आहे याची चौकशी व्हावी आणि मॉन्टू नकारात्मक आली म्हणून त्याची टीबीची तपासणी थांबवू नये. क्षयरोगाची नोंद एका खात्याकडे, वजनाची दुसऱ्या खात्याकडे, आणि मूल एकच. या दोन नोंदी जोडण्याचा आदेश पावसाळ्यापूर्वी निघावा, कारण पाड्यांवरची धान्याची कणगी तेव्हाच तळाला जाते.