मीटरपासून मोटारीपर्यंत

दोन वर्षांपूर्वी पुण्यातील आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एका तरुण दांपत्याने विनंती केली होती. विजेवरची मोटार घ्यायची आहे, पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय करू द्या. 'आज एकाला दिले तर उद्या सगळे मागतील,' असे म्हणून ती फेटाळणाऱ्यांत माझाही हात वर होता. त्या दोघांनी अखेर पेट्रोलची गाडी घेतली. आता माझ्याच मुलाने विजेवरची मोटार ठरवली आहे आणि तोच अर्ज घेऊन मला समितीपुढे उभे राहायचे आहे.

त्या सभेत एक मुद्दा मोठ्या तावातावाने मांडला गेला होता : कोणता प्लग टिकणार हेच ठरलेले नाही! एके काळी हे खरेही होते. २०१७ मध्ये आलेल्या 'भारत डीसी-००१' मानकाचा जोड चिनी पद्धतीचा होता. २०१८ च्या केंद्रीय सूचनांनी सार्वजनिक केंद्रांवर युरोपचा 'सीसीएस' आणि जपानचा 'चाडेमो' हेही मागितले. पुढच्याच वर्षी ती सक्ती सैल झाली. २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉनने 'सीसीएस-२' स्वीकारला आणि आज बहुतेक नव्या मोटारी त्याच वाटेने जातात. दुचाकींमध्ये मात्र अजून कंपनीगणिक निराळा जोड दिसतो.

पण घरच्या चार्जिंगला या भांडणाशी फारसे कर्तव्यच नाही. मोटारीसोबत येणाऱ्या केबलचे एक टोक गाडीत आणि दुसरे, गीझरला लागतो तशा पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्ये जाते. त्यातून सुमारे तीन किलोवॉट वीज मिळते. तीस युनिटांची रिकामी बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतील. पण शहरातल्या रोजच्या चाळीस किलोमीटरांना सहा-सात युनिटे, म्हणजे दोन-अडीच तास पुरतात. सात किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर निम्म्या वेळात काम करतो, मात्र त्यासाठी मंजूर वीजभार वाढवावा लागू शकतो.

मग अडते कुठे? मीटरपासून मोटारीपर्यंतच्या वायरीत. गीझर पाव तास चालतो, मोटार तासन् तास वीज ओढते. सैल सॉकेट तापते. गॅलरीतून खाली सोडलेली एक्स्टेंशनची वायर म्हणजे अपघाताला निमंत्रणच. स्वतंत्र जाड तांब्याची वायर, एमसीबी, गळती ओळखणारा आरसीसीबी आणि चोख अर्थिंग यांत काटकसर नको. बिलाचा प्रश्नही अवघड नाही. घरच्या सध्याच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करण्यास २०२२ च्या केंद्रीय सूचनांनी मुभा दिली आहे. ज्याच्या मीटरवरून वायर, त्याचे बिल.

नव्या इमारतींसाठी २०१९ च्या आदर्श उपविधींनी वीस टक्के पार्किंगमध्ये ही सोय सुचवली. आमच्यासारख्या जुन्या सोसायट्यांना मात्र आपले आपणच ठरवावे लागणार. वीस जणांनी वीस वायरी ओढण्यापेक्षा एकदाच वीजभाराचा हिशेब करून एक मुख्य केबल पार्किंगपर्यंत आणणे शहाणपणाचे.

म्हणून येत्या सभेत मी मुलापुरती परवानगी मागणार नाही. सर्वांसाठी ठराव मांडणार आहे. मात्र त्याआधी त्या दांपत्याच्या दारावरची घंटा वाजवून एक कबुली द्यायची आहे. ती या वायरीपेक्षा जड जाईल, हे मला ठाऊक आहे.