विश्लेषण : बाळाच्या खुब्यावरील शस्त्रक्रियेचे यश कशावर ठरते?

चालायला लागलेले मूल लंगडते म्हणून दवाखान्यात नेले आणि खुबा जन्मापासूनच निखळलेला असल्याचे कळले, असे अजूनही घडते. मग पालकांचा पहिला प्रश्न असतो : ऑपरेशनने पाय पूर्ण बरा होईल का? याचे उत्तर डॉक्टरांच्या कौशल्याइतकेच मुलाच्या त्या दिवशीच्या वयावर अवलंबून असते.

‘हिप डिस्प्लेसिया’ म्हणजे काय?

खुबा हा शाळेच्या पुस्तकातला उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातील खोबणीत फिरतो. या विकारात खोबण उथळ राहते आणि गोळा सैल असतो किंवा पूर्ण बाहेर सरकतो. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांत सांधा निखळलेला आढळतो. मुलींमध्ये प्रमाण बरेच जास्त असते. पायाळू बाळांना आणि घरात आधी कुणाला हा त्रास असल्यास धोका वाढतो. यंत्रातल्या बेअरिंगचे दोन्ही भाग तयार होऊन येतात. इथे मात्र खोबणीला आकार देणारा साचा म्हणजे तो गोळाच. तो जागेवर नसेल तर खोबण खोल होतच नाही.

वयानुसार उपचार कसे बदलतात?

पहिल्या सहा महिन्यांत चेक अस्थिरोगतज्ज्ञ आर्नोल्ड पावलिक यांच्या नावाने ओळखला जाणारा पट्टा पुरतो आणि बहुतांश बाळांचे ऑपरेशन टळते. त्यानंतर दीड वर्षापर्यंत बाळाला भूल देऊन, चिरफाड न करता सांधा बसवून कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालण्याचा प्रयत्न होतो. तो फसला, किंवा मूल दीड वर्षापेक्षा मोठे असले, तर सांधा उघडून गोळा बसवावा लागतो. सोबत खोबणीवरचे हाड कापून तिची दिशा बदलावी लागू शकते. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांची १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत त्यासाठी आजही वापरली जाते. आणखी उशीर झाल्यास मांडीचे हाडही थोडे आखूड करावे लागते.

मग यश कशाला म्हणायचे?

मूल चालू लागले, की घरच्यांच्या दृष्टीने प्रश्न संपतो. डॉक्टरांच्या दृष्टीने तो संपत नाही. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड खराब होणे ही यातील सर्वात धास्तीची गुंतागुंत. सांधा पुन्हा निखळू शकतो, खोबण उथळच राहू शकते आणि काहींना दुसरे ऑपरेशन लागते. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत ठरावीक काळाने क्ष-किरण तपासणी आवश्यक असते. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरून मजुरी बुडवून नाशिकला वर्षानुवर्षे येणे किती घरांना जमेल? यशाच्या आकडेवारीत हा प्रश्न सहसा दिसत नाही.

लवकर निदानाची सोय आहे का?

कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी शेजारच्या पालघरमधूनच झाली. त्यातील जन्मजात दोषांच्या यादीत हा विकार आहे आणि मोफत उपचारांची तरतूदही आहे. त्याहून मोठी संधी लसीकरणाची. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना बाळ केंद्रावर येतेच आणि हे तिन्ही दिवस पट्ट्याच्या वयात पडतात. नवजात बाळासाठी ‘आशा’ची शेवटची गृहभेट ४२व्या दिवशी, म्हणजे नेमकी सहाव्या आठवड्यात असते. नवे यंत्र लागत नाही. मांड्या उघडून पाहणारा प्रशिक्षित हात लागतो. लस टोचून पाठवण्याच्या घाईत तेवढी दोन मिनिटे मिळतात का, हा खरा मुद्दा आहे.

घरी काय पाहावे?

जपानमध्ये १९७०च्या दशकात बाळाचे पाय सरळ ताणून गुंडाळू नयेत अशी मोहीम राबवल्यावर या विकाराचे प्रमाण खूप घटले. दुपट्यात गुंडाळताना पाय गुडघ्यात दुमडून हलू द्यावेत, हाच त्याचा अर्थ. मान धरल्यानंतर बाळाला पाय फाकवून कडेवर घेण्याची आपली पद्धत मात्र खुब्याला पोषक. लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाहेर उघडत नसेल, वळ्या असमान दिसत असतील किंवा एक गुडघा खाली राहत असेल तर लगेच दाखवावे. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर मात्र हा फरक दिसत नाही. म्हणून पायाळू बाळाची, काही वावगे दिसत नसले तरी, सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करून घ्यावी.