एकट्याने धावलो म्हणू नका

सपोर्ट क्रू घेऊन धावलेल्या माणसाने ‘मी एकट्याने पार केलं’ असं म्हणणं ही थाप आहे. इथे इंग्लंडमध्ये आमच्या ओळखीतल्या एका मराठी धावपटूच्या सत्कारात मी ती समोर बसून ऐकली. सूत्रसंचालक म्हणाला, “एकट्याने, निव्वळ पायांच्या जोरावर, समुद्रापासून समुद्रापर्यंत!” सत्कारमूर्तीने शाल सावरत मान डोलावली. त्या मोहिमेत गाडी मी चालवली होती. त्याची बायको माझ्या शेजारीच बसली होती. तिचं नाव कुणी घेतलं नाही, तोही बोलला नाही. माझा राग त्या न बोलण्यावर आहे.

तो धावला ती वाट म्हणजे इंग्लंडची कोस्ट टू कोस्ट. आल्फ्रेड वेनराइट हा केंडलच्या नगरपालिकेचा निवृत्त खजिनदार. १९७३ साली पुस्तक काढून त्याने ती आखून दिली. आयरिश समुद्राकाठच्या सेंट बीजपासून उत्तर समुद्रावरच्या रॉबिन हूड्स बेपर्यंत साधारण १९० मैल, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या वर. लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर डेल्स आणि नॉर्थ यॉर्क मूर्स अशी तीन राष्ट्रीय उद्यानं ओलांडून ती जाते. चालणारी माणसं दोन आठवडे घेतात, रोज मुक्कामाला पोचून गरम जेवतात, झोपतात. धावणारा तेच अंतर दोन-तीन दिवसांत संपवायला निघतो. एवढ्या घाईत कुठला मुक्काम? मग मुक्कामच गाडीत घालून त्याच्या पुढे न्यावा लागतो, आणि तो नेणारी माणसं हाडामांसाची असतात.

लोकांना वाटतं, गाडी आपली त्याच्या शेजारून हळूहळू जात असेल. या वाटेवर तसं मुळीच नसतं. धावणारा एनरडेलच्या खोऱ्यातून ब्लॅक सेलपाशी पोचतो, डोंगर चढून होनिस्टरच्या पाटीच्या दगडांच्या खाणीवर उतरतो. खोऱ्याच्या त्या टोकातून गाडीला पलीकडे जायला रस्ताच नाही. क्रूने लोवेसवॉटर आणि बटरमिअरला वळसा घालून, दगडी कुंपणांमधल्या अरुंद रस्त्याने होनिस्टरची खिंड चढायची. पुढे पॅटरडेलहून तो किडस्टी पाइकवर जातो. ७८० मीटर, या वाटेवरचं सर्वांत उंच ठिकाण. तिथून हॉसवॉटरच्या काठाने तो शॅपला येतो. गाडीने अल्सवॉटरच्या काठाने पूली ब्रिज गाठून भलत्याच बाजूने शॅपला यायचं, आणि त्याच्या आधी यायचं. तो दरीत असेपर्यंत फोन लागत नाही. ट्रॅकरवरचा ठिपका अडकून बसला, तर धावणारा पडला की नुसतं नेटवर्क गेलं, हे ठरवण्याची जबाबदारीही आपलीच.

केल्डला आम्ही पोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील. त्याआधी नाइन स्टँडर्ड्सच्या काळ्या दलदलीतून तो आला होता. सोबत आमच्या क्रूमधले एक निवृत्त इंग्रज गृहस्थ होते. आयुष्यभर याच डोंगरांत धावलेले. धुक्यात नकाशा त्यांनी वाचला, दलदल टाळायच्या जागा त्यांनी दाखवल्या, पाठीवरची पिशवीही त्यांनीच वाहिली. धावपटू डिकीच्या कडेला बसला. मोजा ओला होऊन पायाला चिकटला होता. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चिखलात मांडी घालून बसल्या, त्याचा पाय मांडीवर घेतला, मोजा कात्रीने कापून काढला. टाचेखालचा फोड सुईने फोडला, पाणी टिपलं, पाय पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबल्या आणि मग टेप लावली. टेपचे कोपरे त्यांनी घरीच गोल कापून आणले होते, कारण चौकोनी कोपरा मोज्यात दुमडतो आणि तिथे नवा फोड येतो. गोड जेल त्याच्या पोटात ठरेनासे झाले होते, म्हणून मी डब्यातला मऊ दहीभात जास्तीचं मीठ घालून त्याला चमच्याने भरवला. डोळे मिटूनच त्याने विचारलं, “किती राहिलं?” वहिनी म्हणाल्या, “रीथपर्यंत चल. पुढचं मी सांगेन.” पुढचं किती आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याला तेव्हा ते सांगायचं नाही, हेही ठाऊक होतं. हे कौशल्य आहे. त्याला मदत म्हणून मोडीत काढू नका.

आता एक हिशेब पाहा. याच वाटेवर १९९१ साली माइक हार्टलीने ३९ तास ३६ मिनिटांचा विक्रम केला. तो तीस वर्षं टिकला. २०२१ मध्ये डेमियन हॉलने तो मोडला, तोही वीस मिनिटांहून कमी फरकाने. एकोणचाळीस तासांच्या धावेत वीस मिनिटं जातात कुठे? डिकीपाशी जातात. बूट आधीच सैल करून ठेवलेले आहेत की नाहीत, चहा पिण्याजोगा कोमट आहे की तोंड पोळवणारा, हेडटॉर्चची बॅटरी अंधार पडायच्या आधी बदलली की नंतर, फाटकाची कडी कुणी धावत जाऊन उघडून ठेवली का, यात जातात. दहा थांब्यांवर दोन-दोन मिनिटं गेली की विक्रम गेला. विक्रम होतो की हुकतो हे ज्या हातांवर ठरतं, ते हात निकालाच्या ओळीत नसतात.

‘पण पाय तर त्याचेच होते ना?’ असं मला ऐकवलं जातं. होते. त्या पायांचं कौतुक मीही करते. झोपेशिवाय मूर्सच्या वाऱ्यात तो ज्या जिद्दीने पुढे सरकत राहिला, ते पाहिलेली माणसं आम्हीच. म्हणूनच त्याला खोट्या शब्दाची गरज काय, हे मला कळत नाही. या खेळाने वर्गवारी केव्हाच करून ठेवली आहे. क्रूची मदत घेऊन धावणं ही एक जात. वाटेतल्या दुकानांवर, सगळ्यांना मिळेल त्यावर भागवणं ही दुसरी. वाटेतल्या पाण्याखेरीज सगळं पहिल्यापासून पाठीवर घेऊन जाणं ही तिसरी. ज्याला एकट्याचं श्रेय हवं, त्याने तिसऱ्या वर्गात उतरावं. आमचा दहीभात खायचा आणि मान त्या तिसऱ्या वर्गाचा घ्यायचा, हे चालणार नाही.

याच लेक डिस्ट्रिक्टमध्ये प्रामाणिकपणाची जुनी रीत आहे. केझिकमध्ये गेस्ट हाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहॅमने १९३२ साली चोवीस तासांच्या आत ४२ शिखरं केली, तेव्हा त्याच्यासोबत वाटाडे होते. आज त्याच्या नावाच्या क्लबात शिरायचं तर प्रत्येक शिखरावर तुमच्यासोबत साक्षीदार असावाच लागतो. सोबत्याशिवाय ती धाव मानलीच जात नाही, आणि त्यामुळे तिथल्या कुणाची उंची इंचभरही कमी झालेली नाही.

क्रूच्या साक्षीला किंमत किती, ते २०१६ साली अमेरिकेत दिसलं. पीट कॉस्टेलनिकने सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क हे अंतर ४२ दिवस साडेसहा तासांत कापलं. त्याच वर्षी एका ब्रिटिश धावपटूचीही असाच विक्रम करण्याची मोहीम चालू होती. रात्री त्याची गाडी रस्त्यावरून हळू चालली आहे आणि धावणारा कुठेच नाही, असं कॅन्ससमध्ये लोकांनी पाहिलं. पुढे त्याच्याच प्रायोजकाने दोन तज्ज्ञांकडून चौकशी करवली. त्याने नियमबाह्य मदत घेतली, असा निष्कर्ष निघाला. त्याने तो अमान्य केला. मला त्यातून एवढंच म्हणायचं आहे की, इतक्या लांब धावेचा खरेखोटेपणा शेवटी गाडीतल्या माणसांच्या शब्दावर उभा असतो. मग त्या माणसांना नाव नको?

नावाच्याही आधी त्यांना झोप हवी. माझा सर्वांत मोठा आक्षेप इथेच आहे. धावपटूच्या झोपेचा तक्ता असतो: इथे वीस मिनिटं, तिथे दीड तास. चालकाच्या झोपेचा तक्ता मी आजवर एकाही मोहिमेत पाहिलेला नाही. धावपटू झोपतो तेव्हा क्रू कपडे वाळवते, पाणी तापवते, पुढचा रस्ता बघते. तो उठून पळाला की क्रूला गाडी काढायची. ब्रिटनमध्ये ट्रकचालकाला साडेचार तास गाडी हाकल्यावर ४५ मिनिटं थांबणं कायद्याने सक्तीचं आहे. आम्हाला कसलीच सक्ती नाही. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की चोवीस तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असल्यासारखी ढासळते. इंग्लंडमध्ये गाडी चालवण्याची मर्यादा ०.०८ आहे. म्हणजे दुसऱ्या रात्री ब्लेकी रिजच्या रस्त्यावर, जिथे मेंढ्या मध्येच येऊन बसतात, तिथे मी दारू प्यायलेल्या माणसापेक्षा बऱ्या अवस्थेत नव्हते. माझा डोळा लागला असता तर मेंढीच मेली असती असं नाही. पलीकडून येणारं एखादं कुटुंब मेलं असतं. आणि रस्ता सोडून गेलेल्या गाडीखाली कदाचित तोही असता, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं.

मुंबई-पुण्याकडेही आता लांब पल्ल्याच्या मोहिमा निघतात. महामार्गावर एक जण धावतो, मागे गाडीत भाऊ, मित्र आणि भाड्याने आणलेला ड्रायव्हर असतो. बॅनरवर फोटो एकाचाच. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रेटणाऱ्या त्या ड्रायव्हरला रात्री कुठे झोपवलं, हे आयोजकांना विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘गाडीतच’ असंच मिळेल. वर बायकोही गाडीत असली तर तिची रजा, तिचा पगार, तिने महिनाभर आधी बांधलेल्या पुड्या, या खर्चाला तर कुठल्याच हिशेबात रकाना नाही.

त्याच धावपटूने पुढच्या मोहिमेसाठी मला पुन्हा विचारलं आहे. मी लिहून कळवलं: गाडीला दोन चालक ठरव. दोघांच्या झोपेचे तास तुझ्या झोपेच्या तक्त्यात, तुझ्या ओळीच्या वर लिही. चालक सोळा तासांहून जास्त जागा राहिला तर धाव तिथे थांबेल, मग घड्याळ काहीही म्हणो. पेट्रोल आणि मुक्काम तुझ्या खर्चाने. आणि जिथे तुझं नाव छापलं जाईल, तिथे तुझ्या बायकोचं आणि त्या इंग्रज गृहस्थांचं नाव त्याच अक्षरांत, त्याच आकारात छापून घे. यातली एकही अट मी सोडणार नाही.