हत्यार, हात आणि नेम

मराठी साहित्यात रिव्हॉल्व्हर येते ते माणसावर रोखले जाण्यासाठीच. रहस्यकथेच्या नायकाच्या कोटाच्या खिशात ते असते, नाटकाच्या शेवटच्या अंकात ते मेजाच्या खणातून बाहेर निघते आणि चित्रपटात त्याचा आवाज होताच पार्श्वसंगीत थांबते. भिंतीवर बंदूक दाखवली तर ती पुढे उडालीच पाहिजे, हा चेखॉव्हने नाटककारांना दिलेला सल्ला आपण फारच मनावर घेतलेला दिसतो. जी बंदूक कोणावरही उडणार नाही, जिच्यावर तिचा मालक वर्षानुवर्षे मेहनत घेतो आणि जी केवळ कागदावरील वर्तुळासाठी हाती धरली जाते, तिला आपल्या ललित गद्यात फारशी जागा मिळालेली नाही. ही उणीव किरकोळ नाही, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी जुन्या घडणीचे ‘सिंगल ॲक्शन’ रिव्हॉल्व्हर हे उदाहरण मी घेत आहे.

पुण्यात बसून असे काही लिहिणे सोपे नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. या शहराच्या स्मृतीत गोळीचा आवाज खोलवर रुतलेला आहे. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्या तारखेवरच १९७९ साली नचिकेत व जयू पटवर्धन यांनी चित्रपट केला. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या आणि हॉटसन वाचला. पुस्तकांच्या कपाटांमध्ये झाडलेली ती गोळी साहित्याच्या विद्यार्थ्याला विसरता येण्यासारखी नाही. पुढे २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. पहिल्या दोन घटनांकडे आपण स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भात पाहतो. तिसरीने आपल्याला नि:शब्द केले. मात्र तिन्ही घटनांत हत्याराचे काम एकच होते. अशा शहरात कोणी रिव्हॉल्व्हरच्या सौंदर्याविषयी बोलू लागला, तर श्रोत्याच्या कपाळावर आठी उमटणे स्वाभाविक आहे. त्या आठीचा मान राखूनच पुढे जायचे आहे.

याच शहराच्या पश्चिमेला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत, नेमबाजीचे प्रशिक्षण चालते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही झाल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली. तिच्याच गावच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक आणले. आपल्या लेखनाने यांच्यासाठी काय केले? सत्काराच्या बातम्या छापल्या आणि जिद्द, चिकाटी, आईवडिलांचा त्याग या ठरलेल्या शब्दांत त्यांची चरित्रे बसवली. त्यांच्या हातात जे उपकरण होते, ते त्यांच्या तळव्याला कसे लागत होते, चाप ओढण्याआधीच्या क्षणी बोटाला काय कळते, याबद्दल आपण कुतूहल दाखवले नाही. गायकाच्या तंबोऱ्याविषयी आपण पानेच्या पाने लिहितो, मग नेमबाजाच्या हत्याराविषयी ही अळीमिळी का?

आता ‘सिंगल ॲक्शन’ म्हणजे काय ते पाहू. या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप एकच काम करतो: आधीच मागे खेचलेला घोडा सोडून देणे. घोडा मागे खेचण्याचे काम अंगठ्याने, प्रत्येक गोळीसाठी नव्याने करावे लागते. त्याच हालचालीत काडतुसांचे चक्र एक घर पुढे सरकते. (मराठीने या भागाला ‘घोडा’ म्हटले हे मार्मिकच आहे, त्याला आवरून धरावे लागते.) या जातीचे आदर्श मानले जाणारे कोल्ट कंपनीचे रिव्हॉल्व्हर १८७३ सालचे, अमेरिकी सैन्यासाठी बनवलेले. त्याची घरे सहा, पण जाणकार त्यात पाचच काडतुसे भरीत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवीत, कारण हत्यार पडले तर धक्क्याने गोळी सुटण्याची भीती असे. नुसता चाप ओढून गोळी सुटणारी रिव्हॉल्व्हरे आणि पुढे स्वयंचलित पिस्तुले आल्यावर ही घडण मागे पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कोल्टने तिचे उत्पादन थांबवलेही. परंतु १९५३ मध्ये रुगर कंपनीने .२२ बोअरचे नवे सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर काढले आणि १९५६ मध्ये कोल्टलाही आपले जुने हत्यार पुन्हा बनवावे लागले. पाश्चिमात्य घोडेस्वारांच्या चित्रपटांचा त्यात मोठा वाटा होता, हे खरे. तथापि केवळ चित्रपटांच्या मोहावर एखादे यंत्र इतकी दशके टिकत नाही.

ते टिकले याचे कारण, माझ्या मते, त्याच्या संथपणात आहे. दुसरी गोळी पहिलीच्या ओघात सुटत नाही. प्रत्येक वेळी अंगठा वर न्यायचा, घोडा मागे घ्यायचा, पकड पुन्हा बसवायची, श्वास पुन्हा जुळवायचा. मुक्तछंद हाताशी असताना एखादा कवी वृत्तात का लिहितो, या प्रश्नाचे जे उत्तर तेच याचेही उत्तर आहे. बंधनामुळे प्रत्येक अक्षर निवडावे लागते. येथे प्रत्येक गोळी निवडावी लागते.

या हत्याराचा दुसरा आनंद ते आपल्या हाताला बेतून घेण्याचा. या बाबतीत दोन वृत्ती दिसतात. एक वृत्ती हस्तिदंती मुठी, चांदीचे नक्षीकाम आणि कोरलेली नावे यांत रमते. दुसरी वृत्ती मूठ थोडी तासते, दृष्टिरेषा सुधारते आणि चापाची ओढ नीट करून घेते. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काव्याबद्दल केलेला विचार येथे चपखल बसतो. अलंकार कितीही मोलाचा असो, तो योग्य जागी नसेल तर शोभा देत नाही. औचित्य हा काव्याचा प्राण. मुठीचेच पाहा. कोल्टच्या मूळ मुठीचा बाक असा होता की धक्क्याबरोबर ती तळव्यात वर सरके आणि घोडा अंगठ्याखाली येई. घाईत ते सोयीचे होते, पण लक्ष्यावर एकाग्र होणाऱ्याला प्रत्येक वेळी पकड बदललेली चालत नाही. म्हणून १८९४ पासून कोल्टने लक्ष्यवेधासाठी वेगळा नमुना काढला आणि इंग्लंडमधील प्रसिद्ध मैदानावरून त्याला ‘बिस्ले’ हे नाव दिले. त्याची मूठ मागे उंच चढलेली, घोड्याची शेपटी खाली आणि रुंद, चाप अधिक वळणदार. सौंदर्याच्या दृष्टीने तो नमुना काहीसा कुबडा दिसतो, हातात मात्र नेमका बसतो.

चापाचेही तसेच. चांगला चाप हलका असलाच पाहिजे असे नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर पिस्तुलाच्या चापाला किमान १००० ग्रॅम भार पेलावा लागतो. त्या मर्यादेत कारागीर साधतो ती एकसारखी ओढ. चाप मध्ये कोठे अडखळू नये, घासू नये आणि काचेची बारीक कांडी मोडावी तसा एका क्षणी सुटावा. त्यासाठी घोडा आणि चाप यांचे एकमेकांना भिडणारे पृष्ठभाग अगदी थोडे घासतात. थोडे अधिक घासले तर कडक केलेला पोलादाचा थर जातो आणि हत्यार धोकादायक होते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा घोडीचा पृष्ठभाग असाच जपून घासतो. योगायोग असा की तिथेही शब्द ‘घोडी’ आहे.

आपल्याकडे हे सारे कडक चौकटीत होते, आणि तसेच ते असावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना हत्यार बाळगता येत नाही, तसेच परवानाधारक कारागिराखेरीज कोणाला ते दुरुस्त करण्याचा वा त्यात फेरबदल करण्याचा धंदा करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य नागरिकाला बाळगता येणाऱ्या हत्यारांची संख्या तीनवरून दोनवर आणली. कोल्ट किंवा रुगरची रिव्हॉल्व्हरे येथे दुर्मीळ, कानपूरला बनणारे.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर अधिक परिचित. ते नुसता चाप ओढूनही चालते, परंतु लक्ष्यावर नेम धरणारा अंगठ्याने आधी घोडा चढवतो. म्हणजे सिंगल ॲक्शन ही हत्याराची जात असली तरी ती हाताने स्वीकारायची शिस्तही होऊ शकते.

आता मूळ आक्षेप. हे हिंसेचे सौंदर्यीकरण नव्हे काय? रिव्हॉल्व्हर माणूस मारण्यासाठीच जन्मले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुठीला कितीही चांगले शिसम लावले तरी तो जन्म पुसला जात नाही. ज्या कोल्हापूरने एवढे नेमबाज दिले, तेथेच फेब्रुवारी २०१५ मध्ये गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. म्हणून ‘खेळ वेगळा, हिंसा वेगळी’ असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. मला एवढेच म्हणायचे आहे की हा फरक हत्यारात सापडत नाही, तो हातात आणि हाताच्या शिक्षणात शोधावा लागतो. आणि त्या शिक्षणाबद्दल लिहिलेच नाही तर हत्याराची भाषा आपण मारेकऱ्याच्या हवाली करतो.

मराठीने या विचाराची सामग्री केव्हाच दिलेली आहे. ‘हत्यार’ हा शब्द ऐकायला हत्येजवळचा वाटतो, पण त्याचे नाते हाताशी जोडले जाते. सुताराचा रंधा आणि न्हाव्याचा वस्तरा हीसुद्धा हत्यारेच. खंडेनवमीला तलवारीशेजारी पाटी आणि अवजारे पूजेला मांडली जातात. आणि ‘नेम’! नियमाने करायची गोष्ट तोही नेम, व्रत तोही नेम आणि लक्ष्यावर धरायचा तोही नेम. कोपऱ्यावर दबा धरून जवळून गोळी झाडणाऱ्याजवळ यातला कोणता नेम असतो? त्याला कौशल्य लागत नाही, अंतरही लागत नाही. नेमबाजाचे मात्र सारे अंतराशीच चालते. २५ मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५० मिलिमीटर व्यासाचे. गोळी सुटल्यावर तो कागद वाचतो. उजव्या हाताने झाडणाऱ्याची छिद्रे खाली डावीकडे जात असतील तर चाप हिसकला गेला, हे त्याला कळते. कागदावर उमटतो तो त्याचाच दोष, आणि तो दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. आपले लिहिलेले असे वाचण्याची सवय आपल्यापैकी किती जणांना आहे?

आपल्या विद्यापीठांतून ‘साहित्य आणि हिंसा’ या विषयावर चर्चासत्रे होतात, ती व्हावीतच. त्यांतील एका सत्राला बालेवाडीतील एखाद्या प्रशिक्षकाला बोलवावे आणि चापाच्या शेवटच्या मिलिमीटरविषयी बोलू द्यावे. विद्यार्थ्यांनी ते ऐकून आपल्या मराठीत लिहून पाहावे. शब्द पुरतील की नाही, हे तेव्हाच कळेल.