खपलीचें ऋण



हिवाळ्यांत निफाडच्या रस्त्यानें जातांना दुतर्फा गव्हाचीं शेतें आपण पाहतों व पुढें निघून जातों. त्याच हिरव्या पानांवर कधीं तांबूस पूड दिसूं लागते आणि हात लावतांच बोटें रंगतात, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. हाच तांबेरा होय. ही धूळ नव्हे. ही बुरशी आहे, व तिचा एकेक कण बीजाचें काम करतो. १९४६-४७ सालीं काळ्या तांबेऱ्यानें मध्य हिंदुस्थानांतील गव्हाचें उभें पीक नासविलें.

मैदानांतील उन्हाळा ह्या बुरशीस सोसत नाहीं. मग ती दरवर्षीं येते कोठून? आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं अनेक वर्षें शोध करून दाखविलें कीं, ती उन्हाळ्यांत थंड पहाडांवर तग धरते व पुढें वाऱ्याबरोबर खालीं उतरते. वाऱ्यास कुंपण घालतां येत नाहीं. म्हणून पिकाच्या अंगींच रोगास तोंड देण्याचें सामर्थ्य आणणें हा खरा उपाय. असें सामर्थ्य मेंडेलच्या नियमाप्रमाणें आईबापांकडून संततीस मिळतें, हें केंब्रिजच्या बिफेन यांनीं १९०५ सालीं दाखविलें. त्याच तत्त्वावर आपल्या निफाडास केनियाच्या गव्हाशीं संकर करून ‘केनफड’ वाण निघाले. पुढें तेथूनच त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी अशा आपल्या ओळखीच्या नांवांचे गहूं शेतकऱ्यांच्या हातीं आले.

पुष्कळांस वाटतें कीं, चांगला वाण मिळाला म्हणजे काम संपलें. आतां जुनें बियाणें कशास हवें? माझें मत नेमकें उलट आहे. गहूं बदलतो तसा तांबेराही बदलतो. १९९९ सालीं युगांडांत ओळखल्या गेलेल्या काळ्या तांबेऱ्याच्या नव्या प्रकारानें, राय नांवाच्या धान्याकडून गव्हांत आणलेला व जगांतील असंख्य वाणांस दिलेला एक प्रतिकारगुण निष्फळ ठरविला. सर्व घरांस एकच कुलूप लावलें, आणि चोरास त्याची किल्ली सांपडली!

मग नवें कुलूप शोधावयाचें कोठें? बहुधा जुन्या, दुर्लक्षित वाणांतच. आपली खपलीच पाहा. कांडल्यावांचून तिचें टरफल सुटत नाहीं. म्हणून अनेक घरांत ती सणाच्या खिरीपुरतीच उरली. परंतु काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठीं अमेरिकेंतील स्टॅकमन यांनीं जे बारा गहूं निवडले, त्यांत ही खपली आपल्या मराठी नांवानिशीं आहे. ऑस्ट्रेलियांत वॉटरहाऊस यांनीं तिचा संकर करून ‘खपस्टाइन’ नांवाचा गहूं निर्माण केला. ज्या दाण्यास आम्हीं जुनाट म्हणून बाजूस सारलें, त्याचा गुण परक्यांनीं सातासमुद्रांपलीकडे जपला. ही गोष्ट अभिमानाची खरी, पण थोडी लाजेचीही आहे.

पालकांस विनंति एवढीच कीं, नवें बियाणें अवश्य पेरावें. परंतु घरचें जुनें बीं असल्यास त्यासाठीं एक वाफा राखावा. आणि मुलांनो, सूक्ष्मदर्शकाखालीं तांबेऱ्याचा कण एकदां अवश्य पाहा. हा लढा एका पिढींत संपणारा नाहीं. निफाडच्या त्या शेतांना तुमच्यापैकीं कोणाची तरी गरज लागणार आहे.