अंपायरचा अभ्यास करून कुणाचं घर चाललंय?

पोस्ट मोठी आहे. पण घरात विशी-पंचविशीतला पोरगा असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

परवा रात्री नवी पेठेत चहाला थांबलो होतो. दुकानांची शटरं खाली येत होती. मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात कामाला असलेला एक ओळखीचा पोरगा शेजारी येऊन बसला आणि मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाला, "दादा, आज अंपायर कोण आहे बघितलं का?"

वीस वर्षं पत्रकारिता करतोय. पिच कसंय, टॉस कोण जिंकला, हे सगळे विचारतात. अंपायर कोण, हे पहिल्यांदाच कुणी विचारलं. त्याच्या टेलिग्राम ग्रुपवर तक्ता आला होता. कोणता अंपायर वाईड कडक देतो, कुणाचं बोट पायचीतला लवकर वर जातं, कोण उभा असला की किती रन होतात. खाली सल्ला : आज १७२ च्या वर 'यस'. ग्रुपची फी वेगळी.

मी म्हटलं, अरे हा सट्टा आहे. तर म्हणतो, "सट्टा नाही दादा, अभ्यास आहे."

मला ह्या 'अभ्यास' शब्दावरच बोलायचंय.

अंपायर बघून रनांवर पैसे लावायची ही पद्धत अमेरिकेत बेसबॉलवर चालते. तिथं त्याला थोडा तरी आधार आहे. बॅटरनं सोडलेला प्रत्येक चेंडू स्ट्राईक की बॉल, हे त्याच्या मागं उभा असलेला अंपायर ठरवतो. तीन स्ट्राईक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की फुकटात पहिल्या बेसवर. म्हणजे अंपायरची नजर सैल की कडक, यावर रन कमी-जास्त होऊ शकतात. पण २०२६ च्या हंगामापासून तिथंही खेळाडू अंपायरच्या निर्णयाला मशीनपुढं आव्हान देऊ शकतात. ज्या खेळात ही युक्ती जन्मली, तिथंच तिची जागा आकसत चाललीय.

आणि आपल्याकडं? आयपीएलमध्ये पायचीतवर रिव्ह्यू २०१८ पासून आहे. पुढच्या पायाचा नो-बॉल २०२० पासून टीव्ही अंपायर बघतो. वाईडवरसुद्धा २०२३ पासून रिव्ह्यू घेता येतो. मैदानातल्या अंपायरच्या हातात उरलं किती?

तक्त्यातली खरी गोम तर पुढंच आहे. १५ एप्रिल २०२४ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर हैदराबादनं २८७ केले, बंगळुरूनं २६२. एका मॅचमध्ये ५४९ रन. हे ५४९ त्या दिवशीच्या अंपायरच्या नावापुढं जमा होणार आणि तो 'रनवाला अंपायर' ठरणार. ४१ चेंडूंत १०२ ट्रॅव्हिस हेडनं मारले, अंपायरनं नाही! मैदान छोटं, पिच पाटा, पण तक्त्यात नाव अंपायरचं. एका हंगामात एका अंपायरच्या वाट्याला मॅच येतात थोड्या, त्याही वेगवेगळ्या मैदानांवर. एवढ्यावरून त्याचा 'स्वभाव' सांगणं म्हणजे आठवडाभराच्या पावसावरून वर्षाचं पंचांग काढणं.

चला, घटकाभर मानू की तक्ता खरा आहे. मग तो बुकीकडं नसेल का? तुम्हाला पाचशे रुपयांत मिळालेली माहिती त्याला मिळत नाही? त्याचा भाव ती माहिती धरूनच निघतो. सेशनचा भाव ४८-४९ असा येतो. 'नॉट' वाल्याला ४८ च्या आत पाहिजेत, 'यस' वाल्याला ४९ पाहिजेत. बरोबर ४८ झाले तर दोघंही गेले, बुकी हसला.

साधा हिशोब करा. हजार जिंकायला अकराशे लावायचे, असा भाव आहे. १०० वेळा लावले, ५२ वेळा बरोबर आले. मिळाले ५२,०००. उरलेल्या ४८ वेळा गेले ५२,८००. अर्ध्याहून जास्त वेळा बरोबर येऊनही खिशातून ८०० गेले. ग्रुपची फी त्याच्यावर. एवढा अभ्यास एमपीएससीचा केला असता, तर निदान वाचलेलं तरी डोक्यात राहिलं असतं.

आणि ज्याला खरंच रन आधी कळतात, तो तुम्हाला महिन्याच्या फीवर का सांगेल? तो गुपचूप स्वतः लावेल की! अर्ध्या ग्रुपला 'यस' सांगायचं, अर्ध्याला 'नॉट'. उद्या अर्धे लोक गुरुजी म्हणून पाया पडतात.

पैशाचं सोडा, अंपायरचं काय होतं ते बघा. अमेरिकेतला पॅट होबर्ग. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या मॅचमध्ये त्यानं दिलेले १२९ पैकी १२९ निर्णय बरोबर निघाले, म्हणून जगभर कौतुक झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची नोकरी गेली. त्याच्या बेटिंग खात्यावरून मित्र बेसबॉलवर पैसे लावत होता. त्यानं स्वतः बेसबॉलवर पैसे लावल्याचा किंवा निर्णय फिरवल्याचा पुरावा मिळाला नाही, तरी गेली. आपल्याकडं २०१३ च्या आयपीएल प्रकरणात मुंबई पोलिसांच्या आरोपपत्रात पाकिस्तानी अंपायर असद रौफचं नाव आलं. तो आरोप नाकारत राहिला, २०१६ मध्ये बीसीसीआयनं पाच वर्षांची बंदी घातली. अंपायरच्या बोटावर पैसे लागले की चुकलेला प्रत्येक निर्णय विकलेला वाटायला लागतो. उद्या गावातल्या टेनिस बॉल स्पर्धेत चुकून वाईड दिलेल्या मास्तरच्या अंगावर पोरं धावून गेली, तर नवल वाटून घेऊ नका.

आकड्यांचा नाद महाराष्ट्राला नवा नाही. मटक्याची सुरुवात कशावरून झाली? न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईला तारेनं येणाऱ्या भावांवर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं, तर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे सुरू केले. कापूस गेला, मटका राहिला! तेव्हाही चार्ट होते, चार्टवर डोकं खाजवणारे 'अभ्यासक' होते. आपलं तर गिरण्यांचं गाव. गिरण्यांची धुराडी थंड झाली, चार्टवाले मात्र टिकले. आता चार्ट मोबाईलवर येतो, एवढाच फरक.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य की नशीब, हा वादच त्यात ठेवला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते बरोबर आहे. मग हे ग्रुप उघड कसे चालतात? परदेशातल्या साईटचे आयडी गल्लीत कोण विकतंय, हे चहावाल्याला माहीत आहे आणि पोलिसांना नाही?

पण नुसतं पोलिसांकडं बोट दाखवणार नाही. आम्ही पत्रकारही ह्यात आहोत. कायदा येण्याआधी मी ज्या पेपरात होतो, तिथं आयपीएलच्या दिवसांत मी 'आजचे अकरा' हा कॉलम लिहीत होतो. शेजारी फँटसी ॲपची जाहिरात असायची. कुणाला कॅप्टन करा, कुणाला वगळा, असं मी पोरांना रोज सांगत होतो. 'अभ्यास करा आणि जिंका' हे त्यांच्या डोक्यात भरणाऱ्यांत मीही होतो. त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

त्या पोराचं सांगतो. आई विड्या वळते. बहिणीच्या लग्नासाठी भिशीत साठवलेले पैसे गेले. मालकाकडून उचल घेतलीय, ती वेगळी. घरी माहीत नाही. हे सगळं सांगून झाल्यावर त्यानं पुन्हा मोबाईल उघडला आणि उद्याच्या मॅचला अंपायर कोण, ते बघायला लागला.

पालकांनो, पोराला शिव्या देऊन मोबाईल फोडू नका. त्याच्यासोबत बसा आणि महिन्याचा हिशोब कागदावर मांडायला लावा. आले किती, गेले किती. कागद खोटं बोलत नाही. पोरगा खचलेला वाटला तर १४४१६ ह्या टेलिमानस हेल्पलाईनवर बोला. कुणी फसवून पैसे काढले असतील तर १९३० वर तक्रार करा.

पेपरवाल्यांनो, टिप्सचे कॉलम बंद करा. पोलीस साहेब, एकदा साध्या वेशात नवी पेठेत चहा प्यायला या. पैसे मी देतो.

आणि पोरांनो, मॅच बघा की! अंपायर चुकला तर चार शिव्या घाला, दुसऱ्या दिवशी विसरा. तेवढ्यापुरताच तो अंपायर आहे. त्याच्या बोटावर आईची भिशी लावू नका.