नातवंड पाणी का पीत नाही?

गिरगाव-लालबागच्या चाळींत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासांचे वर्णन वेगळे करून सांगायला नको. एक दार पुरुषांचे, एक स्त्रियांचे, आणि समोर कोण कुठे जाते ते पाहणारी माणसे. आता कल्पना करा, की आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या नातवंडाला यांपैकी कोणत्याच दारातून आत जाववत नाही. शाळा-महाविद्यालयातही तीच दोन दारे. मग ते स्वतःपुरता एक उपाय शोधते, सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. संध्याकाळी लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे. आपण म्हणतो, उष्णता झाली असेल, आणि धण्या-जिऱ्याचे पाणी देतो.

जन्मवेळी शरीरावरून ठरवलेले लिंग आणि स्वतःविषयीची आतली जाणीव यांचा मेळ ज्यांच्या बाबतीत बसत नाही, त्यांना पारलिंगी म्हणतात. काही जण स्वतःला स्त्री वा पुरुष यांपैकी काहीच मानत नाहीत. हा मनोविकार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू झाली, ही अवस्था मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. आपल्या मराठीला यात फारशी अडचण पडू नये. मूल, लेकरू, नातवंड यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘ते’च म्हणत आलो आहोत.

आईवडील कामावर असतात, दुपारी घरात असता आपण. म्हणून काही गोष्टी आपल्याच नजरेस आधी पडतील. मे महिन्याच्या उकाड्यातही नातवंड जाड कपडे घालते, जिना चढताना धापा टाकते. कदाचित छाती सपाट दिसावी म्हणून त्याने क्रेप बँडेज घट्ट आवळले असेल. त्याने बरगड्या दुखतात, त्वचा सोलवटते, श्वास अपुरा पडतो. रागावून ते ओढून काढू नका. बँडेजऐवजी खेळताना वापरतात तशी घट्ट बॉडी घेऊन द्या, आणि काहीही बांधले तरी आठ तासांहून अधिक नको, झोपताना व व्यायाम करताना तर मुळीच नको, एवढे सांगा.

दुसरी खूण अधिक गंभीर. मुलगा म्हणून वाढलेले नातवंड औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून स्वतःच्या मनाने घेऊ लागते. शरीर थोडे कोमल व्हावे, एवढीच त्याची इच्छा. पण या गोळ्यांतील इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि पटकन फरक दिसावा म्हणून चार-चार गोळ्या घेतल्या तर तो आणखी वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. ‘कोणत्या गोळ्या घेतल्यास?’ या प्रश्नाचे खरे उत्तर त्या वेळी मिळणे जिवाचे मोल ठरते. आदल्या महिनाभरात आपण किती आरडाओरड केली, यावरच ते मिळेल की नाही हे ठरते.

संप्रेरकांचा उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, रक्ततपासण्या करीत व्हावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलांना तो केव्हा द्यावा याबाबत जगभरच्या डॉक्टरांत मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये २०२४ च्या कॅस अहवालाच्या सुमारास यौवनारंभ रोखणाऱ्या औषधांवर कडक मर्यादा आल्या. तेव्हा औषधाची घाई नसावी, पण डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाईही नसावी. आणि ‘लग्न लावून दिले की सारे ठीक होईल’ हा विचार तर मनातून काढूनच टाका. त्यात दोन आयुष्यांची होरपळ होते. लिंगभाव ‘बदलून देण्याचा’ उपचार हे वैद्यकीय गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच कळवले आहे.

‘पुढे मूलबाळ?’ हा प्रश्न आजी-आजोबांच्या ओठांवर असतोच. तो विचारण्यात वावगे काही नाही. तो डॉक्टरांपुढे आणि उपचार सुरू होण्यापूर्वी विचारावा. इस्ट्रोजेनने शुक्राणू घटतात, ते पुन्हा पूर्ववत होतीलच असे नाही. म्हणून आधी शुक्राणू वा स्त्रीबीजे गोठवून ठेवता येतात. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून नळीतले बाळ जन्मले, तेव्हाची कुजबुज आपल्याला आठवत असेल. आज त्याचे कुणाला नवल वाटत नाही. याउलट, टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबली म्हणजे गर्भ राहत नाही, ही समजूत चुकीची आहे. गर्भ राहू शकतो, आणि ते औषध गर्भाला अपायकारक असते.

जो अवयव शरीरात आहे त्याची तपासणी व्हायलाच हवी. दाढी आलेल्या व्यक्तीलाही गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. त्यावरची लस मुलगे व मुली दोघांनाही देता येते आणि लवकर दिलेली बरी. असुरक्षित संबंध वा अत्याचार घडला असल्यास एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सरकारी १०९७ हा क्रमांक त्यासाठी लक्षात ठेवा.

हे सारे वाचताना आपल्याला संकोच वाटला असेल. शंभर वर्षांपूर्वी चौपाटीसमोरच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली नोकरी सोडावी लागली. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी जवळजवळ शेवटपर्यंत चालवले. ज्या माहितीसाठी त्यांनी हाल सोसले, ती आपल्या पिढीला दवाखान्याच्या भिंतीवर आयती वाचायला मिळाली.

रुग्णालयात जाताना सोबत जा. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती संरक्षण कायद्याने शासनावर आरोग्यसेवेची जबाबदारी टाकली आहे, आणि गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ मध्ये पारलिंगी रुग्णांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्षही सुरू झाला. डॉक्टर नातवंडाशी एकटे बोलू इच्छितील, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसावे. तत्पूर्वी एक काम मात्र आपणच करायचे. केसपेपरवरचे जुने नाव भर गर्दीत पुकारले गेले, की पुष्कळ मुले तिथूनच परत फिरतात. खिडकीपाशी जाऊन तिथल्या कर्मचाऱ्याला हळूच सांगावे, ‘बाळा, आमचा नंबर आला की फक्त आडनावाने हाक मार.’